घासाघासाने कोल्हापूर

"एक चमचा मिसळ?" शालनमावशीनं झारा कढईच्या काठावर ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी तिला दुकान बंद कर म्हणालेय. "एक चमचा कोण वाढतंय गं? मिसळ हाय का तीर्थ हाय ते?"

"चव बघायला, मावशी. पुढं अजून खायचंय त्यांना. सात ठिकाणं हाईत. सगळीकडं पोटभर खाल्लं तर माणसं चालणार कशी?"

"किती जण येणार?"

"पाच."

"पाच जण." तिनं मान डोलावली आणि एकदम हसली. नुसती हसली नाही, डोळा मिचकावून हसली. "रविवारीच न्हवं? मला सगळं म्हाईत हाय. तू काय काळजी करू नकोस."

शालनमावशीनं काळजी करू नकोस म्हटलं की काळजीला लागावं, एवढी अक्कल शिवाजी पेठेत जन्म काढलेल्या मुलीला असायला हवी होती. पण त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मल्लूअण्णा भेळवाल्यानंही असंच केलं. "थोडी थोडीच भेळ द्या," म्हटल्यावर त्यानं दोन्ही हात जोडून, "हर्षी, तू फक्त घेऊन ये त्यास्नी. बाकी आमच्यावर सोड," असं सांगितलं. दूधकट्ट्यावरच्या हिंदुरावकाकांनी तर माझं बोलणं पुरतं ऐकूनच घेतलं नाही. "कुठली म्हस लावू?" एवढंच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "राणी लावतो."

मला वाटलं, गाव माझ्या पाठीशी उभं आहे. तसं ते होतंच. फक्त कशासाठी, ते मला ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी इतिहासात एम.ए. झाले होते आणि इतिहासात एम.ए. झालेल्या मुलीचं करायचं काय, याची चर्चा आमच्या घरी रोज रात्री भाकरी थापण्याच्या तालावर चालायची. माझ्या डोक्यात मात्र एक कल्पना पक्की बसली होती. जुनं कोल्हापूर लोकांना पायी दाखवायचं आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी तिथली प्रसिद्ध चीज चाखवायची. थोडा इतिहास, थोडं खाणं. नावही ठरवलं होतं, 'घासाघासाने कोल्हापूर.' पुण्याच्या एका सहल कंपनीला मी ते सगळं लिहून पाठवलं आणि चक्क कंपनीच्या मालकीणबाईंचा, नीलाक्षी देशमुखांचा, फोन आला. "मी स्वतः येते. बरोबर चार माणसं आणते. आवडलं तर दिवाळीपासून आमचे कोल्हापूरचे सगळे गट तुझ्याकडे. नाही आवडलं तर तोंडावर सांगेन."

आप्पांना ते काही पटलं नाही. आप्पा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते, व्हॉल्व्ह वेळेवर सोडणं आणि वेळेवर बंद करणं हेच त्यांना काम वाटायचं. "गल्लीबोळातनं लोकास्नी हिंडवायचं आणि खाऊ घालायचं. ह्याला नोकरी म्हणत्यात?" त्यातच इचलकरंजीचं स्थळ आलं. घरचे यंत्रमाग, एकुलता एक मुलगा, माणसं चांगली. पण मुलाच्या आईनं आधीच कळवलं होतं की लग्नानंतर सून बाहेर हिंडलेली चालणार नाही. मला बघायला ते ज्या रविवारी यायचे होते, नेमका तोच रविवार नीलाक्षीबाईंनी मागितला.

मी रडले, भांडले, एक वेळ जेवलेही नाही. शेवटी आप्पांनी तोडगा काढला. "हा रविवार तुझा. इचलकरंजीकरास्नी मी आठ दिवस पुढं ढकलतो. बाईंनी होय म्हटलं तर त्यास्नी येऊच नका म्हणून सांगतो आणि दोन वर्षं लग्नाचं नाव काढत न्हाई. बाईंनी न्हाई म्हटलं, तर पुढच्या रविवारी मुकाट साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. आप्पा शब्दाचे पक्के होते. म्हणूनच मला धडकी भरली होती.

रविवारी दुपारी चारला भवानी मंडपाच्या कमानीखाली पाचही जण हजर झाले. नीलाक्षीबाई पन्नाशीच्या, सुती साडी, गळ्यात लोंबता चष्मा, बोलणं मोजकं. त्यांच्या कंपनीचे फोटो काढणारा कौस्तुभ, उंच, गोरटेला, इस्त्रीचा मोतिया कुडता घातलेला. कंपनीबरोबर दरवर्षी कुठंतरी जाणारे चिंचवडचे जगताप पतीपत्नी. आणि ऐंशीच्या घरातले राऊत आजोबा, पांढरा नेहरू शर्ट, काळी टोपी आणि हातात काठी. काठी टेकायला कमी आणि दाखवायलाच जास्त होती.

मी आरशासमोर आठ दिवस सराव केला होता. कोल्हापुरात आम्ही मुली 'मी येतो, मी जातो' असंच बोलतो, त्यामुळं पुण्याच्या माणसांसमोर 'मी येते' म्हणायला जिभेला लगाम घालावा लागत होता. पण सुरुवात छान झाली. नगारखाना, जुना राजवाडा, तुळजाभवानीचं देऊळ. राऊत आजोबांनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं मला येत होती. नीलाक्षीबाई काही बोलत नव्हत्या, पण त्यांनी घड्याळाकडं एकदाही बघितलं नव्हतं. मी मनातल्या मनात इचलकरंजीला नमस्कार करून टाकला.

मग आम्ही खासबागेकडं गेलो, मल्लूअण्णाच्या गाड्यावर.

मल्लूअण्णा नवा शर्ट घालून उभा होता. एरवी त्याच्याकडं भेळ उभ्यानं खायची पद्धत, आज कुठून तरी पाच खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. खुर्च्यांवर धुतलेल्या चादरी.

"या, या. आजोबास्नी पैली खुर्ची. पाणी घ्या. प्रवास कसा झाला?"

"अण्णा, एकेक घास..." मी हळूच म्हणाले.

"तू गप्प बस गं जरा," असं म्हणून त्यानं पाचजणांच्या हातात भेळेचे डोंगर ठेवले. वर कांदा, वर कैरी, वर शेव, आणि पुन्हा शेव. मग तो नीलाक्षीबाईंच्या समोर हात बांधून उभा राहिला. "बाई, एक सांगू का? पोरगी लई गुणाची हाय. एम्ये झालीया, खरं गर्व न्हाई."

"हो, जाणवलं मला," नीलाक्षीबाई म्हणाल्या. "बोलतेही छान."

"आज बोलतीया!" मल्लूअण्णा कौतुकानं म्हणाला. "एरवी आमच्यावर असली वरडतीया की पार मिरजकर तिकटीला ऐकू जातंय. खरं मनानं सोनं."

मी खासबागेच्या मैदानाकडं धाव घेतली. तिथं तरी मी आणि इतिहास, मध्ये कोणी नाही. वाडग्यासारखं खोलगट मैदान, मधोमध तांबड्या मातीचा हौदा, कुठंही बसा, कुस्ती दिसणार म्हणजे दिसणारच. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू काय काय घालतात ते मी सांगितलं. जगतापबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त लाड आहेत मातीचे." सगळे हसले. पण जगताप हसताना पोटावर हात ठेवून हसत होते आणि ते तर पहिलंच ठिकाण होतं.

बिनखांबी गणपतीपाशी मी खांब नसलेल्या देवळाची गोष्ट सांगत असतानाच पलीकडून शालनमावशीची हाक आली. तिच्या दुकानाच्या दारात रांगोळी घातलेली होती. कमळ, मोर, आणि खाली 'सुस्वागतम्'. माझ्या आठवणीत त्या दारात रांगोळी कधी पडली नव्हती, मिसळीचा कट मात्र रोज सांडायचा.

आत टेबलं पुसलेली, पाच ताटं मांडलेली. ताटात मिसळ काठोकाठ, बाजूला ब्रेडचे स्लाइस थप्पीनं, शेजारच्या भांड्यात जास्तीचा कट, आणि वाटीत केळं घालून केलेला साजूक तुपातला शिरा.

"शिरा कशाला, मावशी?"

"गोडाबिगर कसं व्हईल? मी सकाळीच केलो." आणि ती कौस्तुभच्या समोरच खुर्ची ओढून बसली. "खा बाळ, लाजू नकोस. काय करतोस तू?"

"फोटो काढतो," कौस्तुभ म्हणाला. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"ते छंदाचं झालं. कामधंदा?"

"तोच कामधंदा आहे, मावशी."

"अस्सं." तिनं जरा विचार केला. "घर आपलं का भाड्याचं?"

"आईबाबांचं आहे. कोथरूडला."

"भाऊ किती?"

"भाऊ नाही. एक बहीण आहे, लग्न झालंय तिचं."

"लई ब्येस!" मावशीनं माझ्याकडं वळून मान हलवली. मग जगतापबाईंना म्हणाली, "ह्या पोरीच्या हातचं मटण तुम्ही खाल्लं न्हाई अजून. एकदा खाल्लं तर माणूस बोटं चाटत बसतंय."

मला चहा धड जमत नव्हता. चहात साखर विसरणारी मुलगी म्हणून आमच्या गल्लीत मी प्रसिद्ध होते. मी मावशीकडं बघत राहिले आणि ती माझ्याकडं बघून पुन्हा डोळा मिचकावत राहिली.

बाहेर पडल्यावर नीलाक्षीबाईंनी विचारलं, "इथे येणाऱ्या सगळ्यांचीच इतकी चौकशी करतात?"

"कोल्हापुरात आपुलकी फार," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

"हं," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी घड्याळ बघितलं.

उशीर तर झालाच होता. दोन ठिकाणांतच पाचही जण तुडुंब झाले होते. जगतापांनी पट्टा सैल केला होता. राऊत आजोबांची काठी आता खरोखर टेकायच्या कामी येऊ लागली होती. सात घासांची माझी सहल दोन ताटांत आडवी झाली होती. पुढच्या पेढ्यांच्या दुकानाला मी गुपचूप फाटा दिला.

महाद्वार रोडवर फुलांच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या हौसाबाईंनी मला हात धरून खाली बसवलं आणि काही कळायच्या आत केसांत गजरा खोचला. "आज तरी माळ की गं! बघायला आलेल्या माणसांसमोर असलं बोडकं डोस्कं घेऊन हिंडतीस व्हय?"

"बघायला आलेली माणसं?"

"मग? नवरदेव दिसायला बरा हाय. जरा बारीक हाय, खरं व्हईल जाड, आपल्याकडचं खाऊन."

माझ्या डोळ्यांसमोर सगळं एकदम लख्ख झालं. खुर्च्यांवरच्या चादरी, रांगोळी, शिरा, मटण. मी मागं वळून माझ्या गटाकडं बघितलं. मुलाची आई, मुलगा, काका-काकू आणि काठी घेतलेले आजोबा. देवाशपथ सांगते, इचलकरंजीहूनसुद्धा इतकं नमुनेदार बिऱ्हाड आलं नसतं.

मी तिथल्या एका देवळाच्या भिंतीआड जाऊन घरी फोन लावला. "आई, रविवारचं तू कुणाकुणाला सांगितलीस?"

"कुणाला न्हाई गं. फक्त शालनला बोललो. हर्षीला बघायला येणार हाईत म्हणून."

"आणि पुढं ढकललं ते?"

"ते सांगायचं ऱ्हायलं बघ."

फक्त शालनला! आईनं त्यापेक्षा महाद्वार रोडवर लाऊडस्पीकर लावला असता तरी बातमी कमी लांब गेली असती.

आता एकच वाट होती. दूधकट्ट्यावर जायचंच नाही. मी गटाकडं परत आले आणि घसा साफ करून म्हणाले, "आता सगळ्यांचं पोट भरलेलं आहे, तर मी इथंच संपवतो." घाबरल्यामुळं जिभेचा लगाम सुटला होता.

"छे! दूधकट्टा राहिला ना?" नीलाक्षीबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी तर मी आले आहे."

पापाच्या तिकटीवरून गंगावेशीपर्यंतचा रस्ता मी आयुष्यात इतका हळू कधी चालले नाही. त्या रस्त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडं खूप होतं. त्यातलं काही आठवेना. मला फक्त हिंदुरावकाका दिसत होते आणि पुढच्या रविवारच्या पोह्यांच्या बशा दिसत होत्या.

दूधकट्टा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. भर चौकात संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, मालक तिथंच धार काढतो, आणि फेसाळलेला कोमट पेला तसाच हातात देतो. तालमीतल्या पैलवानांसाठी सुरू झालेली ही रीत. आता बँकेतला कारकूनही घरी जाता जाता एक पेला रिचवून जातो. म्हशी साध्याच असतात, दावणीतून आणलेल्या.

राणी साधी नव्हती. राणीची शिंगं लाल-हिरवी रंगवली होती. शिंगांवर मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांची माळ आणि घुंगरू, पाठीवर जरीची झूल. दिवाळी पाडव्याला आम्ही म्हशी सजवून मिरवतो, तशी ती सजली होती आणि पाडव्याला अजून चार महिने होते. शेजारी हिंदुरावकाका फेटा बांधून उभे. आणि त्यांच्या मागं, आडवाटेनं आमच्या आधी येऊन पोचलेले शालनमावशी आणि मल्लूअण्णा. मावशीनं दुकान बंद करून साडीसुद्धा बदलली होती.

"अगंबाई, किती सुंदर!" जगतापबाई म्हणाल्या. कौस्तुभ फोटो काढायला गुडघ्यावर बसला. मी पुढं धावले, "काका, ऐका, ही माणसं..." पण काकांच्या चरवीत धार पडायला लागली होती आणि त्या वेळी ते आमदाराचंही ऐकत नसत.

पेला भरला, फेस वर आला. काकांनी तो दोन्ही हातांनी कौस्तुभपुढं धरला आणि सगळ्या गंगावेशीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घ्या जावईबापू! एका दमात संपवायचा. आमच्या पोरीला न्यायची तर दम पायजे छातीत!"

कौस्तुभनं घाबरून एका दमात संपवला. मग ओठांवर पांढरी मिशी घेऊन तो नीलाक्षीबाईंकडं बघायला लागला.

"जावई?" नीलाक्षीबाई म्हणाल्या.

राऊत आजोबांना सगळ्यात आधी कळलं. ते काठीवर रेलून हसायला लागले. "अहो, आपण मुलगी बघायला आलोय! दुपारपासून मला वाटतंच होतं, एवढा मान आपल्याला कसा काय!"

मला रडू आलं. खरंच आलं, गजऱ्यासकट. सांगून टाकण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून मी सगळं सांगितलं. इचलकरंजीचं स्थळ, आप्पांची अट, आईचं शालनमावशीला सांगणं. "मी प्रत्येक ठिकाणी एकच घास सांगितला होता. तुम्ही नवऱ्याकडची माणसं आहात असं समजून ह्यांनी हे सगळं केलं. बाई, मी खोटं सांगणार नाही. पुढच्या गटासाठी कुणी रांगोळी घालणार नाही आणि कुणी म्हैस सजवणार नाही."

नीलाक्षीबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडं बघितलं, मग राणीकडं बघितलं. "ठीक आहे. मी पुण्याला जाऊन कळवते."

ते वाक्य त्यांनी सहज म्हटलं. पण कट्ट्यावरच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मुलीच्या घरी ते वाक्य ज्यानं ऐकलं नाही असं माणूस आमच्याकडं सापडायचं नाही. पोहे खाऊन, चहा पिऊन, मुलीला गाणं येतं का विचारून, पायांत चपला सरकवताना म्हणायचं वाक्य.

शालनमावशी पदर खोचून पुढं आली. "ते काय चालायचं न्हाई बाई. मला पाच जण बघून गेले आणि पाचही जण 'घरी जाऊन कळवतो' म्हणाले. सहाव्यासंगं लगीन झालं, नातवंडं झाली. त्या पाचांचं अजून कळवायचं हाय."

"पण मी नवऱ्याकडची नाही हो," नीलाक्षीबाई म्हणाल्या.

"मग कोण हाय तुम्ही?" हिंदुरावकाकांनी विचारलं. त्यांना एवढ्या गोंधळातलं निम्मंच कळलं होतं.

"हर्षदाला माझ्या कंपनीचं काम द्यायचं की नाही, ते ठरवायला आले."

काकांनी चरवी खाली ठेवली, फेटा सारखा केला. "म्हंजे पोरगी पसंत करायची का न्हाई, हेच न्हवं? मग आमचं चुकलं कुठं? जे सांगायचं तेच सांगितलं की तुमास्नी. शिकलेली हाय, गर्व न्हाई, वरडती खरं मनानं सोनं. आपल्या माणसाला कामाला ठेवताना ह्याच्यापरीस जास्त काय बघतासा तुम्ही पुण्यात?"

"मटणाचं खोटं हुतं," मल्लूअण्णा मागून म्हणाला.

"ते मी जरा वाढवून सांगितलो," मावशी म्हणाली.

नीलाक्षीबाई हसल्या. चार तासांत पहिल्यांदा, आणि हसू लागल्या तशा थांबेनात. चष्मा काढून डोळे पुसले आणि आजूबाजूला जमलेल्या पन्नास माणसांकडं बघितलं. पैलवान पेले हातात धरून थांबले होते. बँकेतला कारकून सायकल कलती करून उभा होता. राणीसुद्धा रवंथ थांबवून उभी होती असं मला वाटलं, पण ते माझ्या घाबरण्यामुळं असेल.

"हर्षदा, तुझा इतिहास चोख आहे. बोलतेस चांगलं. पण एकेक घासाचा नाद सोड. ह्या माणसांना एक घास वाढताच येत नाही. जे ह्या गावाला जमत नाही, ते तू त्याच्याकडून करून घ्यायला निघालीस. सात ठिकाणं काढून टाक. तीनच ठेव. तिन्ही ठिकाणी पोटभर, आणि मध्ये चालायला भरपूर वेळ. शिरा नको. म्हैस सजवायला नको, साधी चालेल. चौकशी मात्र हवी, माझ्या माणसांना घरीसुद्धा इतकं कुणी विचारत नाही."

"म्हंजे?" मावशीनं विचारलं. तिला गोल बोलणं पटत नसे. "पसंत का नापसंत? इथंच सांगा."

"पसंत," नीलाक्षीबाई म्हणाल्या.

गंगावेशीत जो आरडाओरडा झाला तो कुस्ती निकाली झाल्यावर होतो तेवढा होता. मला मावशीनं कवटाळलं, हौसाबाईंनी कुठून तरी येऊन आणखी एक गजरा घातला. आणि हिंदुरावकाका गरजले, "पसंत म्हटल्यावर तसंच न्हाई सोडायचं! सुपारी फोडा!" कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सुपारी आणि अडकित्ता आणून दिला. दोन्ही बाजूंची वडीलधारी माणसं म्हणून हिंदुरावकाका आणि राऊत आजोबा समोरासमोर बसले. आजोबांनी सुपारी फोडली, निम्मी काकांच्या हातावर ठेवली, निम्मी स्वतः तोंडात टाकली. जगतापबाईंनी मला कुंकू लावलं. कौस्तुभ सगळ्याचे फोटो काढत होता आणि त्याला कोणीतरी दुसरा पेला पाजत होतं.

पाचही जणांना लॉजवर सोडून मी अक्षरशः पळत घरी गेले. आप्पांना ही बातमी मीच सांगणार होते.

पण गंगावेशीपासून शिवाजी पेठेपर्यंत बातमीला पाय फुटतात, हे मी विसरले होते. दारात चपलांचा ढीग. आत शेजारच्या चार बायका, मधोमध आई डोळ्यांना पदर लावून. "कोण हाय त्यो पुण्याचा? आईबापाला न विचारता सुपारी फोडून आलीस? निदान जातगोत तरी विचारायचं!"

"आई, सुपारी फुटली ती कंपनीशी!"

मी सगळं सांगेपर्यंत बायकांनी तीनदा तोंडावर हात ठेवला आणि एक जण तर भिंतीला टेकून हसत खालीच बसली. आई मात्र आधी खात्रीसाठी माझ्या कपाळावरचं कुंकू बोटानं तपासून बघत होती. आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत शांत बसून सगळं ऐकत होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझं संपलं, तसे उठले, चष्मा लावला, फोनपाशी गेले आणि इचलकरंजीचा नंबर फिरवला.

"नमस्कार, साळोखे बोलतोय. त्ये पुढच्या रविवारचं... न्हाई, नका येऊ. पोरीचं ठरलं आमच्या." पलीकडून बरंच काही बोलणं झालं. आप्पा ऐकत राहिले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. "व्हय, पुण्याचीच माणसं. आजच बघून गेली. न्हाई वो, मी कुठं जातोय चौकशीला? चौकशी सगळ्या कोल्हापुरानं केलीया."

त्यांनी फोन खाली ठेवला आणि आईला चहा टाकायला सांगितला. म्हणाले, "तिला सांगू नकोस, साखर विसरंल."